बिनआवाजी बॅग

बॅगेत फोन वाजत होता आणि दोघा भावंडांतली धाकटी बॅगेला कान लावून दुकानाच्या फरशीवर उकिडवी बसली होती.

"ताई, उचला ना फोन," दुकानदार म्हणाला.

"उचलायचा नाहीये. बाहेर किती ऐकू येतो ते बघतेय." तिनं फोन काढून शेजारच्या बॅगेत कोंबला आणि चेन ओढली. "तुम्ही जरा भिंतीपाशी जाऊन उभे राहा. आणि खरं सांगा हं."

गेला बापडा. ही सहावी बॅग होती. डिस्क गॉल्फ म्हणजे थाळीसारखी डिस्क लांबच्या बास्केटमध्ये फेकायचा खेळ; त्याची बॅग लोक कशी घेतात, ते त्याला पाठ होतं. डिस्क किती मावतात विचारायचं, पट्टा खांद्यावर टाकून आरशात बघायचं, किंमत ऐकून आ वासायचा. या बाईनं पंचवीस डिस्कची बॅग मागितली होती आणि डिस्क किती आहेत म्हटल्यावर "तीन" म्हणाली होती.

"तीन डिस्कला एवढी? नाकापेक्षा मोती जड होईल हो."

मग तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं. बॅगेत ऑक्सिजनचं मशीन बसवायचं होतं. तिच्या थोरल्या भावाची, दादाची, फुप्फुसं कामातून गेली होती. आठ महिने तो घराबाहेर पडला नव्हता. नाकातल्या नळीची त्याला लाज नव्हती. पण मशीन दर श्वासाला फुस्स करायचं, आणि या खेळात कुणी फेकायला उभं राहिलं की बाकीच्यांनी चिडीचूप राहायचं. दादा तर त्या बाबतीत महाखडूस. कुलपं दुरुस्त करणाऱ्या किल्लीवाल्याच्या कमरेचा जुडगा एकदा वाजला, तर दादानं त्याला भर मैदानात फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून सहा वर्षं तो बिचारा किल्ल्या रुमालात करकचून बांधून यायचा. आता त्याच माणसासमोर स्वतः फुस्सफुस्स करत उभं राहायचं?

"रविवारी एकदा जाऊन बघतो," दादा म्हणाला होता. "आवाज झाला तर परत यायचं. आणि डिस्क वाटून टाकायच्या."

त्यानं म्हटलं म्हणजे संपलंच. म्हणून धाकटीच्या पायाला भिंगरी लागली होती.

पण बॅगांचं त्रांगडं होतं. मशीनला हवा खेचायला जाळी हवी. आवाज दाबायला जाड अस्तर हवं. जाळी होती तिथं अस्तर नव्हतं, अस्तर होतं तिथं जाळी नव्हती. दोन्ही असलेल्या बॅगेची किंमत तिनं दोनदा विचारली. दोन्ही वेळा तीच आली. तिच्याकडे त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते.

शेवटी तिनं सगळ्यात स्वस्त बॅग उचलली. भडक शेंदरी, वर्षभर कुणी हात न लावलेली. जाळी तेवढी होती. गाड्यांची सीटकव्हरं शिवण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. अस्तराच्या बाबतीत ती कुणाच्या बापाला ऐकणार नव्हती. कारखान्यातले फोमचे तुकडे आणून तिनं आतून शिवले, उसवले, पुन्हा शिवले. जेवताना उठून मशीन आत ठेवून बघायची. आवाज कमी झाला. गेला नाही. रविवारपर्यंत तिनं तीनदा टाके काढले.

रविवारी मैदानावर किल्लीवाला होता, बसड्रायव्हर होता, पोस्टातल्या बाई होत्या. "या या दादा," एवढंच म्हणाले सगळे. बॅग खांद्याला लावून धाकटी दादाच्या मागं उभी राहिली.

बसड्रायव्हर फेकायला उभा राहिला. सगळे चिडीचूप. तिनं कान टवकारले.

काही नाही. फुस्सचा फ सुद्धा नाही!

पोस्टातल्या बाईंची पाळी आली. पुन्हा काही नाही. धाकटीला वाटलं, नाचावं. जाळी-अस्तर दोन्हींचा तोरा मिरवणारी ती महागडी बॅग गेली खड्ड्यात. जमलं! ती हसतच दादाकडे वळली.

दादाचे ओठ निळे पडले होते. गाल फुगवून, मुठी आवळून तो समोरच्या बास्केटकडे बघत होता. बाईंची डिस्क जमिनीला टेकली आणि त्यानं रोखलेला श्वास सोडून हपापल्यासारखा नवा घेतला. मशीननं फुस्स केलं, चांगलं मोठ्यांदा.

श्वास घेतला नाही, तर मशीन वाजणार कसं?

"दादा, काय करतोयस तू!"

"गप," तो धापा टाकत म्हणाला. "त्याची पाळी आहे. फेकू दे."

किल्लीवाला डिस्क हातात घेऊन उभा होता. त्यानं वळून दादाकडे बघितलं. मग डिस्क काखेत मारली, खिशातून रुमाल काढला, गाठ दातांनी सोडवली आणि जुडगा हातात धरून खुळखुळ वाजवायला लागला.

"घ्या हो श्वास," तो म्हणाला. "मला शांततेत नेम लागत नाही."

बसड्रायव्हर बेसूर गाऊ लागला. पोस्टातल्या बाई सुनेचं गाऱ्हाणं मोठ्यानं सांगू लागल्या. धाकटीचे डोळे भरून आले. तिनं बॅगेची चेन सर्रकन पार खालपर्यंत उघडली. किल्लीवाल्यानं फेकलेली डिस्क भलतीकडेच गेली. त्यानं जुडगा वाजवणं काही थांबवलं नाही.

मग दादा पुढं झाला. डिस्क हातात घेतली, पाय रोवले, खांदा वळवला आणि थांबला. मान मागं वळवून, छातीत होती नव्हती तेवढी सगळी हवा लावून तो खेकसला, "ए, किल्ल्या बंद कर आधी! नेम धरतोय मी!"