उंबऱ्यावरचं बोलणं

“दार सोडते, वहिनी, पण भाऊ नाही सोडायची.”

लग्नाच्या दिवशी दार अडवून उभ्या राहिलेल्या नणंदेचा, आक्कांचा, तो हसरा आवाज शालनच्या कानात अजून तसाच होता. तेव्हा सगळे हसले, तीही हसली. मनात मात्र बोरीचा काटा रुतला तो रुतलाच. घर कुठं घ्यायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, नवरा आधी आक्कांना फोन लावायचा. शालन म्हणायची, “तुम्ही दोघं ठरवाल ते.”

आज दवाखान्याच्या बाकावरही त्यानं फोनच काढला. त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला बारीकसा फुगा आला होता, अजून न फुटलेला. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशनलाही धोका आहे, नुसती नजर ठेवण्यातही आहे. घरी विचार करून सांगा.

“आक्का, तूच सांग. काय करू?”

शालननं पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. शेजारची उशी आपली, आणि कौल मात्र त्यांचा.

फोन स्पीकरवर होता. आक्का म्हणाल्या, “बाळा, हे माझ्याच्यानं नाही रे व्हायचं. जी रात्री जागून तुझ्याकडं बघत बसणार आहे, तिला विचार.”

त्यानं मान वळवून शालनकडं पाहिलं.

“राहू दे तो फुगा,” ती म्हणाली. “तपासत राहू. भ्यायचं तर दोघं मिळून भिऊ. आणि अहो, यापुढं आधी मला विचारत जा.”