वाटीभर तीर्थ

कर्नाटकाच्या मलनाडातल्या माहेरच्या ओल्या जंगलातून मंजुश्रीनं सासरी उदगीरला रानरासबेरीची काटेरी वेल आणली. इथं नळाला बारा दिवसांनी पाणी यायचं. "काट्याकुट्याला एक थेंब मिळणार न्हाई," सासूबाई गुरम्मांनी पहिल्याच दिवशी बजावलं. तरी वेल भर चैत्रात हिरवीगार सरपटत होती. रोज पहाटे झोपेत मंजुश्रीला माहेरचा पाऊस पानांवर टपटपताना ऐकू यायचा.

आज डोळे उघडले, तरी टपटप थांबली नाही. ती अंगणात आली. लिंगपूजेच्या तीर्थाचा थेंबही कधी भुईवर पडू न देणाऱ्या गुरम्मा वेलीवर वाकून वाटी रिकामी करत होत्या.

"अव्वा, तीर्थ सांडलं की हो!"

"सांडलं न्हाई. पाजलं."