लंकेच्या आकाराचा डाग

खेळाडू मातीला विसरला तरी माती खेळाडूला विसरत नाही, असं प्रल्हाद सरनोबतला फुटबॉल शिकवणारे तालमीचे वस्ताद कोल्हापुरात सांगायचे. अमेरिकेत माती नव्हती. कार्पेट होतं. आणि ते कार्पेट प्रल्हादला खरोखरच विसरायला तयार नव्हतं.

सकाळी नऊ वाजता स्पोकेनच्या रिकाम्या एरिनात तो गोलच्या उजव्या अंगाला उभा होता. पायाशी तो डाग होता. तपकिरी, लंकेच्या आकाराचा, वरच्या टोकाला जरा वाकडा. शेजारी रुपयाएवढं भोक. हे प्रल्हादचं अमेरिकेतलं पाचवं गाव आणि पाचवी टीम. इथे त्यानं अजून बॉलला पायही लावला नव्हता. डाग मात्र आधीच येऊन बसला होता.

पहिला डाग त्याचा स्वतःचा. १९८१ साली, एरी गावात पडलेला. अमेरिकेत फुटबॉलला सॉकर म्हणतात आणि हिवाळ्यात तो छपराखाली खेळतात. आइस हॉकीच्या बर्फावर फळ्या, फळ्यांवर हिरवं कार्पेट. समोरच्या बॅकचं कोपर लागून प्रल्हादचं नाक फुटलं, रक्त सांडलं, आणि तशाच अवस्थेत त्यानं गोल मारला. मोसम संपला, टीम बुडाली. थोड्याच दिवसांत पिओरियाच्या टीमचं पत्र आलं. तिथे पहिल्याच प्रॅक्टिसला त्याच जागी लंका दिसली, आणि कधीच बरं झालेलं नाक ठणकायला लागलं.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. एकदा सगळ्यांच्या आधी जाऊन साबणाच्या पाण्यानं डाग खसाखसा घासला. जरासा फिका झाला. पिओरियाची टीमही बुडाली. टल्साला गेला, तर तिथला डागही तेवढाच फिका.

तेव्हा मात्र त्याला ही भुताटकी वाटली. सासूबाईंनी कोल्हापूरहून कापूर पाठवला होता. दोन वड्या डागाशेजारी पेटवून त्यानं हात जोडले. कार्पेट नायलॉनचं होतं. रुपयाएवढं भोक पडलं. यथावकाश टल्सा बुडालं, आणि फोर्ट वेनला डागाच्या शेजारी भोकही हजर.

भीतीची सवय झाली की माणसाला तिचा अभिमान वाटू लागतो. डागावर उभं राहिलं की खालच्या बर्फाचा गारवा तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत चढायचा, आणि बॉल कुठूनही सुटो, तिथेच यायचा. चार गावांतले एकेचाळीस गोल त्याच जागेवरून. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं कुणीतरी आपल्या पुढे जाऊन प्रत्येक गावात आपली जागा धरून ठेवतंय, याबद्दल प्रल्हादच्या मनात आता शंका उरली नव्हती.

त्याच्या बायकोच्या, शरयूच्या मनात होती. ती सांता क्लाराला नोकरी करत होती, भावाच्या घराजवळ राहून. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता.

"अहो, गिरीशदादानं त्याच्या कंपनीतली इंजिनियरची जागा तुमच्यासाठी सोमवारपर्यंत अडवून ठेवलीय. चौतीस वर्षांच्या माणसासाठी कोण एवढं करतं? नंतर ती नागपूरच्या कुणा मुलाला जाणार."

"शरयू, मला इथे बोलावलंय. पाच-पाच टीम्स उगाच बोलावतात का?"

"मलाही शेजारणी बोलावतात. त्यांची पोरं सांभाळायला."

"तुला नाही कळायचं. हे वरून ठरलेलं आहे."

मग ती म्हणाली, "बरं. मग खालच्यांना एकदा विचारा, तुम्हालाच का बोलावलं ते. खेळाबद्दल एक जरी चांगला शब्द बोलले ना, तर मी नोकरी सोडून सामानासकट तिकडे येते. नाहीतर सोमवारी तुम्ही इकडे."

"कबूल," प्रल्हाद म्हणाला. इतकी सोपी पैज त्यानं आयुष्यात लावली नव्हती.

आता मॅनेजर कॉफीचा कप घेऊन येताना दिसला. प्रल्हादनं सरळच विचारलं, "तुम्ही मला का बोलावलं?"

मॅनेजरनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "ते वॉल्टरला विचार," तो म्हणाला. "सामानाचं तो बघतो."

वॉल्टर हा कार्पेट अंथरणारा म्हातारा. काखेत याद्यांचे कागद अडकवलेली फळी धरून तो डागापाशीच आला, कण्हत गुडघ्यांवर बसला आणि भोकात बोट घालून पाहिलं.

"फोर्ट वेनवाल्यांना बजावलं होतं, ठिगळ लावून पाठवा," तो कार्पेटलाच सांगितल्यासारखं म्हणाला. "ते म्हणाले, टल्सातच पडलंय. डाग तर म्हणे एरीपासूनचा. पाच गावं झाली बिचाऱ्याला. गुंडाळ्यांवर नंबर आहेत, म्हणून जिथे जाईल तिथे जसंच्या तसं बसतं." त्यानं मान हलवली. "पण कार्पेटवर शेकोटी पेटवणारा गाढव कोण, ते कुणालाच सांगता येत नाही."

प्रल्हादलाही ते सांगता आलं नाही. त्याच्या तळव्यांतून गारवा चढत होता. आज तो गुडघ्यांशी थांबला नाही.

"आणि मी?" त्यानं विचारलं. "सरनोबत. मला का बोलावलं?"

"हां, सरनोबत!" वॉल्टरचा चेहरा उजळला. "तुलाच शोधत होतो. आम्हाला कार्पेटच हवं होतं रे. पण बुडालेल्या टीमचं सामान सुटं देत नाहीत."

त्यानं फळी पुढे धरली. वर लिहिलं होतं, गुंडाळ्या चौदा. त्याखाली गोलपोस्ट दोन. त्याखाली जाळ्या दोन. तिन्हींपुढे कालच्या तारखेच्या खुणा होत्या. वॉल्टरनं प्रल्हादला बुटांपासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं, आणि शेवटच्या ओळीपुढे पेन्सिलीनं खूण केली.

स्ट्रायकर, एक.