पायऱ्यांचं मचाण

लॉवेलने यंदा गुडघा बदलून घेतला. उभ्या शिडीने झाडावर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्याने मेपलच्या झाडाला टेकून नवं मचाण उभारलं. बुटक्या रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा आणि वर पाठ टेकायला खुर्ची.

म्हातारपणी शिडी चढवेना म्हणून अगदी असंच मचाण त्याचे वडील एमिल मागायचे. दर उन्हाळ्यात लॉवेल म्हणायचा, "बाबा, ते काम नीट करायचं तर वेळ लागतो. पुढच्या वर्षी नक्की." मग हंगामाच्या पहिल्या पहाटे एमिल शिकारीचं नारिंगी जाकीट चढवून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहायचे. या वसंतात ते गेले.

आज एमिलचे शिकारीतले जुने सोबती आर्व्हिडकाका मचाण बघायला आले. कठडा धरून सावकाश वर चढले आणि खुर्चीत ऐटीत पाय पसरून बसले.

"इथून हरीण चुकलं तर दोष डोळ्यांचा बरं का, गुडघ्यांचा नाही!" काका हसले. "कामाला लागलास कधी?"

"काल सकाळी," लॉवेल बोलून गेला.

काकांचं हसू मावळलं. खाली पायऱ्यांकडे बघत ते म्हणाले,


"आम्ही एमिलला डिवचायचो, 'पोरगा टोलवतोय तुला!' तर आमच्यावरच उखडायचा. म्हणायचा, 'माझ्या लॉवेलचं काम पक्कं असतं, वेळ लागायचाच.'"