सोबत कोण

डॉक्टरबाईंनी विमान कंपनीला द्यायचं पत्र लिहायला घेतलं आणि मध्येच पेन थांबवलं.

"सोबत कोण जाणार?" त्यांनी विचारलं.

टेबलाच्या अलीकडे सून आणि सासूबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. सुनेला पस्तिसावा आठवडा लागला होता. सासूबाई आपल्या शिवणाच्या दुकानातून तशाच उठून आल्या होत्या. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही भान राहिलं नव्हतं.

विमान पाच तासांचं होतं. पलीकडे मुलगा होता, नदीवरच्या पुलाच्या कामावर. खांबांमधले शेवटचे दोन गाळे जोडून होईपर्यंत त्याला रजा मिळणार नव्हती, म्हणजे बाळ चांगलं दोन महिन्यांचं होईपर्यंत. रेल्वेनं दोन दिवस हादरे खात जायचं नाही, हे डॉक्टरबाईंनी मागेच बजावलं होतं. विमानाला मात्र त्यांची ना नव्हती. तपासण्या सगळ्या ठीक होत्या. तासातासाला उठून चार पावलं टाकायची, पाणी पीत राहायचं, पायांत घट्ट मोजे घालायचे. फक्त एकटीनं जायचं नाही. आणि जायचं तर याच आठवड्यात. छत्तिसावा लागला की विमानवाले घेणार नाहीत.

"सोबत कुणी नाही," सून म्हणाली. "राहू दे, डॉक्टर. इथेच होऊ दे."

हे ती हसून म्हणाली. पण हातातल्या फाइलचा कोपरा तिनं दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला.

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. विमानाचं नाव काढलं तरी त्यांना भीती वाटायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याऐवजी गेले तीन आठवडे एकामागून एक कारणं पुढे केली होती. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, गुडघे धरतात, दुकान कोण उघडणार. सुनेनं एकाही कारणाला उलट प्रश्न केला नव्हता. उलट ती रोज दुपारी दुकानात येऊन गणवेशांना बटणं लावत बसायची. शर्ट पोटावर पसरायची आणि म्हणायची, "बघा आई, टेबल कसं आयतं मिळालंय."

रोज सकाळी ती फोन पोटाला लावून बसे. पलीकडून मुलगा बाळाला पुलाची खबर द्यायचा: आज कुठे काँक्रीट ओतलं, कुठली क्रेन अडून बसली, नदीला पाणी किती आहे. सासूबाई तेवढा वेळ घरचं शिवणाचं मशीन जोरात चालवायच्या, म्हणजे ऐकू येऊ नये. कधी कधी सुईखाली कापडही नसायचं.

त्यांच्या नवऱ्यानं आपला मुलगा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तो सात महिन्यांचा झाला होता. तेव्हाही कामाचंच निमित्त होतं. घरात शिरल्या शिरल्या त्यानं हात पुढे केले, आणि अनोळखी माणूस बघून पोरानं भोकाड पसरलं. पुढे बापलेकांचं छान जमलं. पण ही गोष्ट नवरा जन्मभर सांगत राहिला. हसत हसत, आल्यागेल्या प्रत्येकाला. ती इतक्यांदा का सांगावी लागते, हे एकट्या सासूबाईंना ठाऊक होतं.

"मी जाते हिच्याबरोबर," त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "तसं लिहा."

सुनेनं वळून पाहिलं. "आई, माझ्यासाठी उगाच..."

"तुझ्यासाठी कोण म्हणालं? मला माझ्या मुलाचं तोंड बघायचंय, बाळ हातात घेईल त्या वेळचं." मग जरा थांबून त्यांनी सांगून टाकलं, "आणि हे बघ, मला विमानाची भीती वाटते. फार वाटते. आता तुला माहीत असलेलं बरं."

"मला माहीत आहे," सून म्हणाली.

"कधीपासून?"

"टीव्हीवर विमान दिसलं की तुम्ही खुर्चीचा हात घट्ट धरता."

डॉक्टरबाईंनी पत्र बाजूला ठेवलं. सोबत जाणारं माणूसही धडधाकट हवं, म्हणाल्या, आणि सासूबाईंच्या डाव्या दंडाला पट्टा गुंडाळून फुगा दाबायला लागल्या. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. त्यांनी आकडा सांगितला नाही. घरी कधी तपासता का, गोळ्या चालू आहेत का, एवढं विचारलं. गेल्याच महिन्यात तपासला होता, तेव्हा काही नव्हतं, असं सासूबाई म्हणाल्या. आता आपल्यामुळेच सगळं फिसकटणार, असं त्यांना वाटलं. इतके दिवस हवं होतं ते निमित्त आयतं समोर आलं होतं, आणि आता ते नको होतं.

"घाई नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं शांत बसा. पुन्हा बघू."

पाच मिनिटं काय करायचं, ते सासूबाईंना सुचेना. पट्टा बांधलेला हात टेबलावर तसाच होता. दुसरा मांडीवर होता. सुनेनं तो उचलला आणि आपल्या पोटावर, जरा उजवीकडे, ठेवला. आतून एक टाच सरकली. मग थोडं थांबून पुन्हा सरकली, जशी कुणी झोपेत कूस बदलावी.

डोळे मिटून, मान किंचित कलती करून सासूबाई बसून राहिल्या.

डॉक्टरबाईंनी हलकेच फुगा दाबला, कानांत नळ्या घातल्या आणि पारा उतरताना बघत राहिल्या. मग नळ्या काढून त्यांनी पेन पुन्हा हातात घेतलं.

"पाचही तास," त्या म्हणाल्या, "हा हात तिथून काढू नका."