पेन्सिलीच्या खुणा

ब्रेंडाचा नवरा बोनिफास वारल्यावर, तो ज्याचं संचालन करायचा आणि ती ज्यात गायची, त्या चर्चमधल्या गायकवृंदाचा पहिलाच सराव आज संध्याकाळी होता. ती त्याची छापील स्वरलिपीची पानं फोनवर भराभर स्कॅन करत होती. पेन्सिलीच्या खुणांनी पानं गिचमिड दिसत होती, म्हणून फिल्टर लावून तिने त्या उडवल्या आणि फोटो ग्रुपवर टाकले.

लगेच गायकवृंदातल्या मार्शलीनमावशींचा फोन आला. "अगं, त्याच्या खुणा पुसल्यास! आता आम्ही श्वास कुठे घ्यायचा?"

"म्हणजे परत पहिल्यापासून?" ब्रेंडा वैतागली, पण फिल्टर काढून पुन्हा सुरू झाली. शेवटच्या पानावर, ती गायची त्या ओळीपाशी बोनिफासने ठळक लिहिलं होतं, "ब्रेंडा, इथे तालाच्या पुढे पळतेस. माझ्याकडे बघ."

सवयीने तिने मान वर केली आणि त्याच्या हाताच्या इशाऱ्यासाठी थांबली.