न धरलेली तबकडी

तिने आयुष्यातली पहिली तबकडी पहिल्याच गोळीला उडवली. आता हे झालंच नाही असं समजून पुढे जाऊ. नियमच तसा आहे.

नियम कर्नलने सांगितला. यंत्राने हवेत फेकलेल्या तबकड्यांवर नेम धरायला मैदानावर नवशिक्यांना शिकवणाऱ्या या गृहस्थाला सगळे कर्नल म्हणत. लष्कराशी त्याचा संबंध मिशीपुरता होता. "नाही धरायची," तो मागून ओरडला. "यंत्रातून निघतानाच फुटकी होती. तशीला मारलं काय, सोडलं काय, सारखंच. दुसरी मिळेल."

तिने कानांवरचे टोप वर सरकवले. बंदुकीच्या दस्त्याचा दणका खांद्याला बसला होता. तो मात्र धरला गेला होता.

तिला इथे आणलं होतं नणंदेने. नणंदेला नेमबाजीचा जुना नाद. "वहिनी, घरात बसून बसून भिंतींनासुद्धा पोपडे येतात," असं म्हणून तिने वहिनीला जवळजवळ उचलून गाडीत घातलं होतं. आभाळ भांडी पुसायच्या फडक्यासारखं कळकट होतं. मैदानावर गवत कमी आणि मातीच्या तबकड्यांच्या खापऱ्या जास्त. चालताना त्या पायाखाली करकरत होत्या. "बघून पाय टाका," कर्नल म्हणाला होता. "वर्षानुवर्षांच्या पडल्यात. कोण उचलतंय?"

बंदूक हातात देण्याआधी त्याने ओळख म्हणून विचारलं होतं, "काय करता आपण?"

"अर्ज घेते. कचेरीत, खिडकीवर."

ती लोकांचे अर्ज घ्यायची, त्यांची भाषा नीट करून द्यायची आणि शिक्का मारायची. तिने शिक्का मारलेला एकही अर्ज मंजूर झाल्याचं तिच्या कानावर आलं नव्हतं.

"वा. मुलंबाळं?"

तिने तोंड उघडलं.

"अजून नाही," नणंद म्हणाली. अगदी मायेने म्हणाली, आणि वहिनीचा हात दाबला.

हा हात दाबण्याचा प्रकार हिवाळ्यापासून चालू होता. हिवाळ्यात तिला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, डोकंभर काळं जावळ, नाक थेट बापाचं. फक्त रडली नाही. नर्सने एकदा दाखवली आणि फडक्यात गुंडाळून नेली.

घरचे सगळे इतकं समजूतदार वागले की विचारू नका. नवऱ्याने पाळणा सुटा करून खोक्यात भरला आणि खोक्यावर 'किरकोळ सामान' असं लिहिलं. सासूबाईंनी अर्धा विणून झालेला स्वेटर उसवला आणि त्याच पिवळ्या लोकरीचा लेकाला मफलर केला. नवरा तो गुंडाळून कामाला जातो. त्याला शोभतोही. भेटायला जो येई तो म्हणे, "वय आहे अजून. दुसरं होईल." एकदा जेवताना ती म्हणाली, "आत्तापर्यंत कुशीवर वळायला लागली असती." त्यावर सासूबाईंनी विचारलं, "कोण गं?" विचारलं, आणि मग पाण्याचा तांब्या उगाचच इकडून तिकडे ठेवला.

"चला, आता खरी पहिली," कर्नल म्हणाला. "गाल दस्त्याला चिकटवा. दोन्ही डोळे उघडे. तबकडी आहे तिथे मारायचं नाही, जिथे पोचणार तिथे मारायचं. मागे रेंगाळलात की गेली."

तिने बंदूक खांद्याला लावली. "पुल!" तबकडी सोडायची खूण म्हणून ती ओरडली.

या वेळी तबकडी धडधाकट निघाली. नारिंगी, गोल, एक चरासुद्धा नाही. गरगरत वर गेली, वर जाऊन जराशी थांबल्यासारखी झाली आणि लांब गवतात अलगद उतरली. बंदूक वाजलीच नाही.

"वहिनी, झोपलीस का?"

"ही धरली," कर्नल म्हणाला. "चुकली म्हणून."

"न मारताच?"

"न मारताच. अख्खी होती ना ती."

"आणि पहिली?"

"पहिली कुठली?" कर्नल प्रेमळपणे हसला. तो वाईट माणूस नव्हता. "पहिली नव्हतीच. मनाला लावून घेऊ नका. दुसरी घ्या."

तिने शिकवल्याप्रमाणे बंदूक उघडली, काडतुसं काढली आणि ती मोकळी बंदूक हाताच्या बेचक्यात आडवी धरली. रिकामी असूनही ती जड होती. अशी धरायची सवय तिच्या हातांनी गेल्या वर्षी थोडी करून ठेवली होती, उशीवर.

मग ती खाली वाकली. पायाशी खापऱ्याच खापऱ्या होत्या, सगळ्या एकसारख्या. आपली कोणती ते तिला ओळखू येईना. ती बराच वेळ शोधत राहिली. नणंदेचा हात तिचा हात दाबायला पुढे आला आणि अर्ध्यावरच थांबला.

ती उठून कर्नलसमोर उभी राहिली. घसा साफ केला. आवाज खिडकीवरचा होता, सपाट, जरा नाकातून येणारा. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावा असा.

"महोदय, विनंती अशी की, यंत्रातून फुटकी निघालेली पहिली तबकडी ही निघाली होती, असे धरण्यात यावे. बदली तबकडी मिळाली म्हणून ती नव्हतीच, असे समजण्यात येऊ नये. अर्जदारास दुसरी नकोच, असे नाही. परंतु तत्पूर्वी पहिली मोजण्यात यावी, ही नम्र विनंती."